भोपळ्याचा देठ : दोष बीजाचा कीं सांभाळाचा?

बाजारांत भोपळा घेतांना जाणती गृहिणी फळाच्या रंगाकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या देठाकडे पाहते. देठ घट्ट, वाळलेला व अखंड असेल, तर तें फळ माळ्यावर तीन-चार महिने सुखानें राहतें. देठ निखळलेला, चिरलेला अथवा ओला असेल, तर त्याच जागीं बुरशी धरते आणि वरून धडधाकट दिसणारें फळ आंतून नासत जातें. भोपळ्याचें आयुष्य त्याच्या देठांत असतें, असें म्हटलें तरी तें खोटें होणार नाहीं. जेथें पंक्तीला पंधरा-वीस पानें मांडलीं जातात, तेथें एक मोठा भोपळा म्हणजे दोन दिवसांची भाजी, सणाचे घारगे आणि पाहुणे अवचित आले असतां हातचा सांठा. तेव्हां त्याचा देठ कां तडकतो, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाहीं. तो आपल्या स्वयंपाकघराचाहि आहे.

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथें काय किंवा विदर्भांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवीं काय, ज्या घराला परसूं आहे तेथें पावसाच्या तोंडीं भोपळ्याचें एखादें आळें करण्याची रीत जुनी आहे. मांडवावर वा कुंपणावर चढलेल्या वेलाला एखादें फळ धरलें आणि तें वाढूं लागलें, म्हणजे मुलांना तें रोज दोरीनें मोजण्याचा नाद लागतो. पुढें श्रावणांत पाऊस दोन आठवडे ओढ देतो आणि मग एका रात्रींत धो धो कोसळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पाहावें, तों देठापासून फळाच्या खांद्यापर्यंत उभी चीर गेलेली असते. "बींच वाईट होतें," असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. "पाण्याचें तंत्र चुकलें," असें शेतकीचें शिक्षण घेऊन आलेला पुतण्या म्हणतो. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरे आहेत; परंतु कोणाचें म्हणणें किती खरें, हें ठरविल्यावांचून पुढील सालीं कोणत्या फळाचें बीं राखावें, याचा निर्णय करतां येत नाहीं. निर्णय चुकला, तर दोष बियांबरोबर पुढच्या पिढींत उतरतो.

सुदैवानें या प्रश्नाचा कसून विचार करणारे लोक जगांत आहेत. ते म्हणजे अजस्र भोपळे पिकविणारे हौशी बागाईतदार. ज्यांचें एकेक फळ हजार किलोंच्या वर जातें, त्यांना देठाची चीर म्हणजे साऱ्या वर्षाच्या श्रमांवर पाणी. त्यांच्या अनुभवावरून आणि वनस्पतिशास्त्राच्या अलीकडील शोधांवरून आपल्या परसांतील प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

कोणता भोपळा?

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, त्यालाच विदर्भांत कोहळें, खानदेशांत डांगर व कित्येक ठिकाणीं काशीफळ म्हणतात. दाराशीं टांगला जाणारा आणि ज्याच्यापासून आग्र्याचा पेठा होतो, तो पांढरा कोहळा निराळा. संस्कृतांतील कूष्मांड तो हाच. दुध्या व कडू भोपळा ही तिसरीच जाति. लाल भोपळा मूळचा आपल्या देशाचा नव्हे. कोलंबसानंतर तो अमेरिकेंतून समुद्रमार्गें इकडे आला आणि कांहीं शतकांत इतका आपलासा झाला कीं, तो परदेशचा आहे असें सांगितलें तर पुष्कळांना नवल वाटेल.

लाल भोपळ्यांतहि शास्त्रज्ञ प्रामुख्यानें दोन जाति मानतात. पहिलीचें शास्त्रीय नांव कुकुर्बिटा मोश्चाटा आणि दुसरीचें कुकुर्बिटा मॅक्सिमा. आपल्या बाजारांत येणारे बहुतेक भोपळे पहिल्या जातीचे असतात. या दोन जाति ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे देठच होय. मोश्चाटाचा देठ कठीण, पांच कंगोऱ्यांचा व फळाला मिळतो तेथें पसरट झालेला असतो. मॅक्सिमाचा देठ गोलसर, मऊ आणि बुचासारखा भुसभुशीत असतो. फळ मोठें होत जाईल तसतसा तोहि फुगत जातो आणि त्याच्या सालीवर बारीक भेगा पडतात. बंगलोरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेनें तयार केलेल्या वाणांत 'अर्का चंदन' हा पहिल्या जातीचा आणि 'अर्का सूर्यमुखी' हा दुसऱ्या जातीचा आहे. दोहोंचीं फळें शेजारीं ठेवून देठ पाहिले, तर हा भेद लहान मुलालाहि कळेल.

म्हणजे देठाच्या बाबतींत बीजाचा पहिला वांटा येथेंच सिद्ध झाला. कठीण देठ कीं बुचाचा देठ, हें खतपाण्यानें ठरत नाहीं. तें जन्मतःच ठरलेलें असतें. आणि जगांतील अजस्र भोपळे सगळे बुचाच्या देठाच्या जातीचे, म्हणजे मॅक्सिमाच्या कुळांतील आहेत.

सव्वाशें वर्षांची वंशावळ

या अजस्र भोपळ्यांचा इतिहास मनोरंजक आहे. १९०४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनांत कॅनडाच्या विल्यम वॉरनॉक या गृहस्थांचा ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारें १८३ किलोंचा, भोपळा मांडला गेला. हा उच्चांक १९७६ पर्यंत अबाधित राहिला. पुढें कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांतल्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्यानें जुन्या मोठ्या वाणांची वर्षानुवर्षें निवड करून 'अटलांटिक जायंट' नांवाचा वाण सिद्ध केला आणि १९७९ ते १९८२ अशीं लागोपाठ चार वर्षें जगज्जेतेपद मिळविलें. त्याचें १९८१ चें फळ ४९३ १/२ पौंडांचें होतें. यानंतर वजनें झपाट्यानें चढलीं. २०१२ मध्यें अमेरिकेंत प्रथमच २,००० पौंडांची मर्यादा ओलांडली गेली. २०२३ सालीं कॅलिफोर्नियांत १,२४७ किलोंच्या आसपास वजनाचें फळ तुळले गेलें, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांत पॅटन या जुळ्या बंधूंच्या फळानें १,२७८ किलोंचा टप्पा गांठला. सव्वाशें वर्षांच्या आंत फळ सातपट झालें.

ही सातपट वाढ कांहीं अंशीं खतपाण्याची व काचघरांची करामत आहे. परंतु तिचा मुख्य पाया बीजांत आहे. हे बागाईतदार प्रत्येक बियांची वंशावळ आपल्याकडील कुलवृत्तांतासारखी लिहून ठेवतात. फळाचें वजन, पिकविणाऱ्याचें आडनांव व वर्ष असें बियांचें नांव असतें, आणि त्यापुढें मादीफूल कोणत्या वेलाचें व परागकण कोणत्या वेलाचे, ही नोंद असते. नामांकित फळाच्या एकेका बीला लिलावांत शेंकडों डॉलर मोल आलेलें आहे. या वंशावळींत केवळ वजन लिहून भागत नाहीं. फळाचा आकार, सालीची जाडी, वेल चपटा होण्याची खोड आणि देठ तडकण्याची प्रवृत्ति, यांचीहि चर्चा होते. कांहीं वंश वजनाला भारी, पण देठाला हलके म्हणून ओळखले जातात. एकाच बागेंत, एकाच हातचें खतपाणी मिळूनहि एका वंशाच्या वेलांवर पुनःपुन्हां चीर पडावी आणि शेजारच्या वंशाच्या वेलांवर पडूं नये, असा अनुभव आला, म्हणजे दोष बीजांत शोधावा लागतो.

देठाशीं काय घडतें?

वेलावर एकच फळ ठेवून बाकीचीं खुडून टाकलीं असतां, ऐन वाढीच्या काळांत अजस्र भोपळ्याचें वजन रोज पंधरा-वीस किलोंनीं वाढतें. त्यांतील बहुतेक भाग पाण्याचा. एवढें पाणी व पानांनीं तयार केलेली सारी साखर त्या एका देठांतून फळांत उतरते. त्याच वेळीं फळाचे खांदे वर फुगून वेलाला रेटा देऊं लागतात. वेल मात्र पेरापेरावर मुळ्या सोडून जमिनीला घट्ट धरून बसलेला असतो. फळ वर उचलतें, वेल खालीं ओढतो, आणि या ओढाताणीचा सारा ताण मधल्या देठावर येतो. बुचासारख्या भुसभुशीत देठाला तो सोसला नाहीं, कीं तो उभा चिरतो.

वरच्या सालीवरच्या भेगा निरुपद्रवी असतात. त्या कोरड्या राहिल्या तर भरूनहि येतात. परंतु चीर खोल जाऊन फळाच्या पोकळीपर्यंत पोंचली, म्हणजे सर्व संपलें. परदेशांतील स्पर्धांच्या नियमांप्रमाणें असें फळ कितीहि वजनदार असलें तरी बाद ठरतें. आपल्याकडे स्पर्धा नसली, तरी निकाल तोच. कारण पोकळींत हवा व पाणी शिरलें, कीं फळ चार दिवसांचें सोबती.

वेलाचेंहि असेंच एक दुखणें आहे. गोल दांड्याचा वेल मध्येंच पट्ट्यासारखा चपटा व रुंद होतो, त्यावर पानांची व फुलांची दाटी होते आणि पुढें तो दुभंगून दोन शेंडे फुटतात. वनस्पतिशास्त्रांत हा विकार फार जुना आणि परिचित आहे, आणि बीजाचा विचार करतांना तोच आपल्याला वाट दाखवितो.

बीजाचा वांटा

कोणत्याहि रोपाची वाढ त्याच्या शेंड्यावरील मूठभर पेशींतून होते. शेंड्यांत नव्या पेशी किती उत्पन्न व्हाव्यात आणि केव्हां थांबावें, यावर दोन प्रकारच्या जनुकांचा पहारा असतो. एक वाढ चेतवितो, दुसरा तिला आवर घालतो. आवर घालणारा जनुक दुबळा पडला, म्हणजे शेंडा प्रमाणाबाहेर रुंद होतो. रुंद शेंड्यावरचें फूल मोठें, त्यांतील कप्पे अधिक, आणि म्हणून फळहि मोठें. रानटी टोमॅटोच्या फळांत दोनच कप्पे असतात. आपल्या मोठ्या टोमॅटोंत ते पुष्कळ असतात. गुणसूत्राचा सुमारें तीन लाख अक्षरांचा एक तुकडा उलटा जोडला गेल्यामुळें हा आवर ढिला पडला, असें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें आहे. मात्र याच बिघाडामुळें झाडाचीं फुलें जोडलेलीं व फळें वेडींवांकडीं होतात. मोठेपणा आणि वेडेपणा एकाच जनुकाच्या पोटीं यावेत, याचें हें स्वच्छ उदाहरण आहे.

याच गोष्टीची एक खूण आनुवंशशास्त्राच्या जन्मापाशींच सांपडते. ग्रेगोर मेंडेलनें १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या वाटाण्यांवरील निबंधांत सात गुणांच्या जोड्या तपासल्या होत्या. त्यांपैकीं एक जोडी फुलांच्या जागेची होती. एका प्रकारांत फुलें दांड्यावर ठिकठिकाणीं येतात. दुसऱ्यांत तीं शेंड्यावर एकत्र येतात आणि तेथें दांडा रुंद झालेला असतो. म्हणजे दांडा चपटा होणें हा गुण आईबापांकडून संततींत ठराविक प्रमाणांत उतरतो, हें त्या धर्मोपाध्यायानें दीडशें वर्षांपूर्वींच मोजून ठेवलें. त्यामागील जनुक कोणता, याचा उलगडा २०२५ सालीं चीन व इंग्लंडमधील संशोधकांनीं केला. आणि तो शेंड्याच्या वाढीला आवर घालणाऱ्या सांखळींतलाच एक दुवा निघाला.

भोपळ्याच्या देठाविषयीं दुसरा महत्त्वाचा शोध २०१५ सालचा आहे. जेसिका सॅवेज, डस्टिन हेन्स व मिशेल हॉलब्रुक या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं स्पर्धेचे अजस्र भोपळे आणि त्यांच्या पूर्वजांसारखे लहान वाण यांची तुलना केली. अजस्र भोपळ्याच्या पानांत अधिक साखर होते, किंवा त्याच्या रसवाहिन्यांतून रस अधिक वेगानें धांवतो, असें कोणाला वाटेल. पण तसें आढळलें नाहीं. फरक आढळला तो इतकाच कीं, अजस्र वाणांत साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्यांचें एकंदर प्रमाण अधिक होतें. रस्त्यावरून गाड्या जलद धांवत नाहींत, रस्तेच अधिक आहेत, असा हा प्रकार आहे.

आतां या दोन शोधांची सांगड आपण अनुभवाशीं घालूं. रसवाहिनी ही मऊ, जिवंत पेशींची असते. देठाला बळकटी देणारे तंतु निराळे. वजनासाठीं निवड करीत गेलों, म्हणजे आपण नकळत जाड व रसाळ देठ निवडीत जातों. आणि रसाळ देठाची बळकटी त्याच प्रमाणांत वाढेलच असा नेम नसतो. भोपळ्यांत गुणसूत्रांच्या वीस जोड्या आहेत आणि फळाचें वजन हें एका जनुकाचें काम नसून अनेक जनुकांच्या बेरजेचें आहे. देठ तडकण्याची प्रवृत्तिहि तशीच कित्येक गुणांच्या बेरजेंतून येते : बुचाची जात, देठाची जाडी, फळाच्या खांद्यांचा उंचवटा, सालीची लवचिकता आणि वाढीचा वेग. यांतील प्रत्येक गुण थोडाथोडा वारशानें येतो. म्हणून निवडणारा केवळ तराजूकडे पाहील, तर फळ वाढेल पण देठ मागें पडेल.

सांभाळाचा वांटा

एवढ्यावरून "बींच वाईट" हा निकाल देऊन मोकळें होतां येत नाहीं. बीजांत प्रवृत्ति असते. ती प्रकट होणें न होणें पुष्कळसें सांभाळावर आहे.

पहिलें कारण पाण्याचें. वर्ध्याकडील काळी जमीन कोरडी पडली कीं भेगाळते आणि भिजली कीं फुगून पाणी धरून ठेवते. उघडीप लांबली असतां फळाची साल व देठ आळतात, घट्ट होतात. मग जोराचा पाऊस पडला, म्हणजे मुळ्या एकदम पाणी ओढतात. आंतला गर फुगतो, पण आळलेली साल त्याच्याबरोबर ताणली जात नाहीं. संत्र्यांचे बागाईतदार अशाच कारणानें फळें तडकण्याचा अनुभव घेतात. उपाय साधा आहे. उघडिपींत आळ्याला थोडथोडें पाणी नियमानें द्यावें, पालापाचोळ्याचें आच्छादन करावें आणि जोराच्या पावसांत आळ्यांतील पाणी चर काढून बाहेर लावावें.

दुसरें कारण खताचें. शेणखत भरपूर असावें. पण फळ धरल्यानंतर युरियासारख्या नत्रखताचा भडिमार केला, तर वेल माजतो, पेशी पाणथळ होतात आणि देठ ठिसूळ बनतो. चुन्याचें प्रमाण अधिक असलेल्या जमिनींत बोरॉन हें सूक्ष्म द्रव्य पिकाला नीट मिळत नाहीं, आणि त्याच्या उणिवेनेंहि दांडे व फळें तडकतात. अशी शंका आल्यास जमिनीची परीक्षा करून घ्यावी. वर्धा जिल्ह्यांत सेलसुरा येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथें सल्ला मिळूं शकतो.

तिसरें कारण रोगाचें. वेल चिरून त्यांतून तांबूस डिंक पाझरत असेल, तर तो प्रकार वारशाचा नव्हे आणि पाण्याचाहि नव्हे. तो डिंक्या नांवाचा बुरशीजन्य रोग होय. रोगट वेलाचें बीं मात्र राखूं नये, कारण ही बुरशी बियांबरोबरहि पसरते.

चौथें कारण वेलाच्या मांडणीचें. देठ मुख्य वेलाशीं काटकोनांत यावा, अशा बेतानें फळ कोंवळें असतांनाच वेलाला हळूहळू वळण द्यावें. फळाच्या दोन्ही बाजूंच्या एक-दोन पेरांवरील मुळ्या सोडवाव्या, म्हणजे फळ फुगेल तसा वेल वर उचलूं शकतो. मांडवावरील फळाला सुतळीची शिंकाळी द्यावी. भार देठावर लोंबतां कामा नये.

तंबोऱ्याचा भोपळा

केवळ आकाराकडे न पाहतां बळकटीकडेहि पाहून निवड केली, तर काय साधतें, याचें उदाहरण पाहण्यास परदेशांत जावें लागत नाहीं. तें आपल्याच महाराष्ट्रांत, घरोघरीं परिचित असलेल्या तंबोऱ्यांत आहे. मिरजेस एकोणिसाव्या शतकांत शिकलगार घराण्यांतील कारागिरांनीं हत्यारें घडविण्याचा धंदा सोडून तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ति हिंदुस्थानभर पसरली. २०२४ सालीं मिरजेची सतार व मिरजेचा तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालें.

या वाद्यांचा तुंबा म्हणजे कडू भोपळा. तो प्रामुख्यानें पंढरपूरच्या आसपासच्या शेतांतून मिरजेस येतो. लाल भोपळ्याहून ही जाति निराळी, तरी प्रश्न तोच आहे. फळ अवाढव्य तर हवेंच, कारण घेर मोठा असल्यावांचून स्वराला गुंजन येत नाहीं; परंतु तितकेंच महत्त्व कवचाला आहे. तें जाड, एकसारखें व निर्दोष हवें. वेलावर असतांना वा वाळतांना त्याला चीर गेली, तर घेर कितीहि मोठा असला तरी वाद्याला तें फळ निरुपयोगी ठरतें. येथें गिऱ्हाईक वजनाला पैसे देत नाहीं. घेर, आकार व अभंग कवच यांना देतें. अशा बाजारासाठीं बीं राखणारा शेतकरी तडकलेल्या फळाचें बीं राखणार नाहीं, हें उघड आहे. पिढ्यान् पिढ्या जें निवडावें तें बीजांत रुजतें. जें निवडींत धरलें नाहीं, तें दैवाच्या हवालीं राहतें.

कवचाची कठीणता वारशानें येते, याला भोपळ्याच्या कुळांतच शास्त्रीय आधारहि आहे. कुकुर्बिटा पेपो या तिसऱ्या भावंड जातींत कठीण साल हा गुण मुख्यतः एका प्रभावी जनुकामुळें येतो, असें आढळलें आहे. एका जनुकाचा गुण निवडणें सोपें. अनेक जनुकांचा गुण निवडण्यास अनेक वर्षें व चिकाटी लागते, एवढाच फरक.

बीं कसें राखावें?

आतां घरच्या वादाचा निकाल कसा लावावयाचा तें पाहूं. यंदां ज्या वेलाचें फळ तडकलें त्याच्या कांहीं बिया आणि ज्या वेलाचें फळ अखंड राहिलें त्याच्या कांहीं बिया, एकाच परसांत, सारखें खत घालून, पुढील सालीं शेजारीं शेजारीं लावाव्या. पहिल्या ओळींतच पुन्हां चिरा पडल्या, तर वडीलधाऱ्यांचें म्हणणें खरें. दोन्ही ओळींत सारख्याच पडल्या, तर पुतण्याचें खरें. मात्र एकेक वेल लावून निकाल देऊं नये. निदान चार-पांच वेल प्रत्येक बाजूस असावेत. परसूं लहान असल्यास हा प्रयोग दोन-तीन बिऱ्हाडांनीं मिळून करावा.

यांत एक अडचण ध्यानांत ठेवली पाहिजे. भोपळ्याच्या एकाच वेलावर नरफुलें व मादीफुलें वेगवेगळीं येतात आणि पराग मधमाश्या वाहून नेतात. त्यामुळें फळाची आई आपल्याला ठाऊक असते, बाप ठाऊक नसतो. शेजारच्या परसांतील भोपळ्याचा पराग आला, तर यंदाच्या फळांत फरक दिसत नाहीं. तो पुढच्या पिढींत दिसतो, आणि मग "बीं फिरलें" असें आपण म्हणतों. यावर उपाय घरच्या घरीं करतां येतो. उद्यां उमलणारीं नर व मादी फुलें आदल्या सायंकाळीं ओळखून त्यांचीं तोंडें दोऱ्यानें हलकेंच बांधावीं. मादीफुलाखालीं इवलेंसें फळ असतें, त्यावरून तें ओळखतें. पहाटे उजाडतांच नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्या, त्यांतील पराग मादीफुलाच्या मध्यभागीं फिरवावा, आणि मादीफूल पुन्हां बांधून देठाला खुणेची चिंधी लावावी. त्याच वेलाचा पराग वापरला तरी चालतो. भोपळ्याचा वंश अशा स्वकुळांतील संयोगानें इतर कित्येक पिकांइतका खचत नाहीं.

बियांसाठीं फळ निवडतांना पुढील क्रम ठेवावा. प्रथम देठ पाहावा : तो जाड, सरळ व चिरेवांचूनचा हवा. मग वेल पाहावा : तो मूळापासून शेंड्यापर्यंत गोल असावा, चपटा झालेला नसावा. नंतर फळाचें टिकणें पाहावें : दोन-तीन महिने माळ्यावर जें फळ उत्तम राहिलें त्याचेंच बीं काढावें. चव त्यानंतर, आणि आकार सर्वांच्या शेवटीं. आपण बहुधा याच्या उलट करतों. सर्वांत मोठें फळ दिसलें कीं त्याचें बीं राखावयाचें, मग त्याला कडेला चीर असली तरी तो भाग कापून टाकून भाजी करावयाची व बिया राखेंत घोळून डब्यांत ठेवावयाच्या, असा प्रकार घरोघरीं चालतो. तो डबा म्हणजे पुढच्या वर्षाच्या चिरांची पेरणी होय.

दुकानांतून आणलेलें संकरित बीं असेल, तर त्याच्या फळांतील बीं राखून उपयोग नाहीं. पहिल्या पिढीचे गुण दुसऱ्या पिढींत विखुरतात. देशी वा सुधारित सरळ वाणाचें बीं मात्र अवश्य राखावें. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेंहि शेतकऱ्याला आपल्या शेतांतील बीं राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा व दुसऱ्यास देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचें बीं कंपनीच्या नांवाच्या छापाखालीं विकतां येत नाहीं. बियांच्या पुडीवर मात्र परदेशी बागाईतदारांप्रमाणें चार ओळी लिहाव्या : साल, वेलाची जागा, फळाचें वजन व देठाची स्थिति. पुष्कळ घरांत हें बीं आजीच्या स्वाधीन असतें आणि तिला सर्व कांहीं तोंडपाठ असतें. परंतु तिची ती विद्या कागदावर उतरली नाहीं, तर ती तिच्याबरोबरच जाईल.

खाण तशी माती, असें आपण म्हणतों, आणि भोपळ्याच्या बाबतींत तें निम्में खरें आहे. देठ कोणत्या जातीचा असावा, तो किती फुगावा, ताण किती सोसावा, हें खाणींतून येतें. पण चांगल्या खाणीची मातीहि उन्हापावसांत उघडी टाकली तर वाहून जाते. आणि सामान्य बियांचा वेलहि मायेनें सांभाळला तर अखंड देठाचें फळ देतो. बीं निवडणें वर्षांतून एकदांच घडतें, सांभाळ मात्र रोज करावा लागतो. म्हणून मृगाचा पाऊस पडून आळें करण्याची वेळ आली, म्हणजे प्रथम डब्यांतील पुडी उघडून तें बीं कोणत्या फळाचें आहे, हें घरांतील जाणत्या माणसाला विचारावें, आणि उत्तर "सर्वांत मोठ्या फळाचें" असें आलें, तर आणखी एक प्रश्न विचारावा : त्या फळाचा देठ कसा होता?